पाण्याच्या टाकीवरचं पठार

माझ्या सुनेला डोहाळे लागले ते फुलाचे. ते फूल खायचं नव्हतं, माळायचंही नव्हतं. नुसतं बघायचं होतं. आता बोला!

मी तर जय्यत तयारीत होते. कैऱ्या मीठ लावून ठेवल्या होत्या, आवळे बरणीत मुरत होते, आणि उडदाच्या पिठाचं आमच्या घरचं डांगर तर रोज दह्यात कालवून तयार. गर्भारशीने काही मागावं आणि ते तिला मिळू नये, तर बाळाचा कान फुटतो म्हणतात. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण विश्वास नाही म्हणून कुणी नातवंडाच्या कानाशी खेळतं का?

सातवा महिना लागला तरी बाईसाहेब काही मागेनात. शेवटी मीच एका दुपारी तिच्याजवळ बसले. पाय सुजलेले, भिंतीला पाठ टेकलेली, पंखा डोक्यावर गरगरतोय आणि तरी घाम. मी म्हटलं, "काय खावंसं वाटतंय तें सांग कीं गे. लाजतेस कशाला?"

"खायला काही नको, आई," ती म्हणाली. "काळ्या मुसळीचं फूल बघायचंय. पठारावरचं."

कुंभकोणमात पठार! आमच्या गावात उंच म्हणाल तर देवळांची गोपुरं, बाकी सगळं ताटासारखं सपाट. कावेरीने आणलेला गाळ, त्यावर भात, केळी, विड्याची पानं. साधी टेकडी बघायची तर गाडी करून जावं लागतं.

आमची सून साताऱ्याकडची, पठाराच्या पायथ्याच्या गावातली. माझा मुलगा नोकरीला पुण्यात होता, तिथे दोघांचं जमलं, आणि इथल्या कॉलेजात त्याला शिकवायची नोकरी लागली तेव्हा तीही आमच्याबरोबर राहायला आली. घरात मराठी बोलतात म्हणून बिचारी खुशीत आली होती. आणि आमचं मराठी ऐकून गार पडली. आमचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या काळात इकडे आले. येताना जी भाषा आणली तीच आम्ही अजून चालवतो, वरून तमिळची फोडणी. पहिल्या आठवड्यात ती नवऱ्याला हळूच म्हणाली होती, "तुझी आई सारखी कीर्तनात बोलल्यासारखं का बोलते?" मला ऐकू आलं होतं. त्या दिवशी तिच्या सांबारात मिरची जरा जास्त पडली.

पण पोरगी गुणाची. पहिल्या दिवसापासून मला 'आई' म्हणते. मीही त्याचं फार काही मनाला लावून घेतलं नव्हतं. शाळेत मुली मला 'टीचर' म्हणायच्या तसंच ते, माणसाला नव्हे, खुर्चीला म्हणायचं. तिची स्वतःची आई लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण आता माहेर म्हणजे एक धाकटा भाऊ आणि बाहेर बांधलेली म्हैस. म्हणून ते आमच्याकडे.

त्या दुपारी तिने सगळं सांगितलं. जूनमधले दोन-चार पाऊस झाले की ती आणि तिची आई रानभाजीला पठारावर जायच्या. कुरडू, टाकळा, जे मिळेल ते. काळी मुसळी तिथेच गवतात उगवते. कंद जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत असतो, उन्हाळ्यात वर काही म्हणता काही दिसत नाही, आणि पाऊस लागला की पानं येतात आणि पिवळं फूल येतं. सहा पाकळ्यांचं, चांदणीसारखं. वर्षातलं पहिलं फूल दिसलं की आई थांबायची. हिला म्हणायची, खाली बस. मग दोघी फुलापुढे बसायच्या, आणि आई फुलाला विचारायची, "आलीस?" माहेरवाशीण दारात उभी राहिल्यावर विचारतात ना, तसं. फूल तोडायचं नाही. विचारायचं, जरा बसायचं, आणि भाजीला लागायचं.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला कळत होतं की हे फुलाचं नाही. पण मला तिची आई आणता येणार नव्हती. फूल आणता आलं असतं.

तिला पठारावर न्यायचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केला होता, जिनासुद्धा चढायचा नाही म्हणून सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, फोनवर दाखवतो. त्याने शोधून एक फोटो काढला, अगदी जवळून घेतलेला, पडदाभर एकच पिवळं फूल. सुनेने बघितलं आणि फोन पालथा ठेवला. "फोनला काय 'आलीस' विचारू?" असं म्हणाली ती. बरोबरच होतं तिचं.

मग आमच्या ह्यांनी सूत्रं हातात घेतली. यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं, ते बंद केल्यापासून यांना वेळच वेळ. दिवसातून चारदा कॉफी करतात आणि उरलेल्या वेळात मला सल्ले देतात. एका सकाळी पिशवीभर पिवळी फुलं घेऊन आले. शेवंती, पिवळी जास्वंद, आवळीची... नव्हे, काय ते तरवडाची, रस्त्याकडेला फुलते ती. सगळी सुनेपुढे ओतून म्हणाले, "बघ बाळ, यांतलें कोणतें चालेल?" माणूस एवढ्या आशेने विचारत होता की तिने शेवंती उचलून केसांत घातली. आत गेल्यावर मला म्हणाली, "बाबांना सांगू नका, पण नाही चालत."

मुलाने फोनवर बघून सांगितलं की काळ्या मुसळीला तमिळमध्ये निलप्पनै म्हणतात. निलप्पनै! हे नाव मी ऐकलं होतं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. मी ह्यांना घेऊन तडक बाजारात. दुकानदार ओळखीचा, त्याच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या. मी तमिळमध्ये म्हटलं, निलप्पनै आहे का, ताजी हवी. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं, मग परत माझ्याकडे, आणि गालातल्या गालात हसत वाळक्या काळ्या मुळ्यांची पुडी बांधायला घेतली. ह्यांना म्हणाला, "दुधातून घ्या, सर, झोपताना. महिन्याभरात फरक दिसेल. वयाचं काही नसतं."

हे कानापर्यंत लाल. मला आधी उमगेना. उमगलं तेव्हा मला काय करावं कळेना, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हटलं, "आम्हाला फूल पाहिजे, फूल!" तो म्हणाला, "टीचर, फुलाचा काही उपयोग नाही. गुण सगळा मुळात." मागे उभ्या असलेल्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. पुडी तिथेच टाकून आम्ही घरी आलो, आणि हे वाटेत माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होते.

घरी येऊन मी सुनेला सांगितलं. ती इतकी हसली, इतकी हसली की पोट धरून म्हणाली, "आई पुरे, बाळ लाथा मारतंय." कित्येक दिवसांनी पोरगी हसली होती. मी मनात म्हटलं, आता काही झालं तरी हे फूल आणायचंच.

तिच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे, कंद पाठवतो. पाऊस लागलाय, पानं फुटायला लागलीत." मी त्याला बजावलं, तुझ्या बहिणीला यातलं अक्षर सांगायचं नाही. फूल आलं तर आनंदच आहे, पण नाही आलं तर तिला पुन्हा कशाला रडवायचं? ओल्या गोणपाटात गुंडाळलेले तीन कंद कुरियरने आले. वर इवलीशी, घड्या घातल्यासारखी पानं, माडाचं रोप असावं तशी. मी त्यातला एक हातात घेतला. ज्या पठाराच्या आकृत्या मी खडूने काढत जन्म घालवला, त्याची माती पहिल्यांदा माझ्या नखात गेली. वर्गात मी सांगायची, पठार म्हणजे टेबल, मुलींनो. हे एकदा सुनेला सांगितलं तर ती म्हणाली होती, "टेबलावर वारा कुठे असतो, आई?"

आता कंद लावायचे कुठे? सुनेला दिसता कामा नये. गच्चीवर लावू म्हटलं, तिथे ती चढत नाही. एवढं ठरलं होतं, पण हे कुंडी घेऊन गच्चीवर गेले ते तिथे न थांबता थेट पाण्याच्या टाकीवर चढवून आले. आमची टाकी चार खांबांवर, माझ्या डोक्याच्या वर. मी विचारलं, "अहो, हें काय?"

"अगे, डोंगरावरचें झाड तें. उंच नको?"

"कुंडी टाकीवर ठेवल्याने कुंभकोणमाचं महाबळेश्वर होत नाही!"

"दोन हात तर दोन हात," हे म्हणाले. "त्याला तेवढेंच बरें वाटेल."

कुंडी खाली घ्यायला माझा हात काही पोहोचेना. शिवाय तिथे शेजारच्या माडाची सावली सकाळ टळल्यावर यायची, आणि खालून कुणाला काही दिसायचं नाही. मी म्हटलं, असू दे.

यांनी कुंडीत कावेरीकाठची माती भरली होती, कारण यांच्या मते जगात दुसरी माती नाहीच. ती इथली काळी चिकण, ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की वीट. आणि पाणी! भावाने सांगितलं होतं, बेताने घाला. पण आमच्या इकडच्या माणसाला पाणी बेताने घालणं जमतच नाही. उगवणारी वस्तू दिसली की हात तांब्याकडे जातो. हे संध्याकाळी स्टुलावर चढून हात वर करून ओतायचे, मी सकाळी टाकी भरताना खालूनच नळीने उडवायची, आणि समोरच्या मामी, ज्यांना आम्ही गुपित म्हणून सांगितलं होतं, त्या तांदूळ धुतलेलं पाणी आणून द्यायच्या. शिवाय कॉफीचा चोथा. आमच्या घरी कॉफीचा चोथा मिळाला नाही असं झाड नाही.

तरी पानं वाढली. छान, लांब, वाकलेली, टाकीच्या कडेवरून खाली डोकावायची. मी रोज सकाळी खाली उभी राहून मान वर करून बघायची. वरून दांडा येईल, त्यावर कळी येईल, मग फूल. आमच्याकडे फुलं अशीच येतात, झाडाच्या डोक्यावर, वेलीच्या टोकाला, हाताला लागतील अशी. दांडा काही येईना.

"काय म्हणतेंय?" हे विचारायचे.

"पानेंच पानें," मी सांगायची.

आठवा महिना सरला. डोहाळेजेवण झालं, तिला फुलांची वाडी भरली, जाईची, अबोलीची. तमिळ शेजारणींनी येऊन हातभर बांगड्या घातल्या. सुंदर दिसत होती. कुणीतरी थट्टेने विचारलं, "सगळे डोहाळे पुरवले ना सासूने?" ती पटकन म्हणाली, "सगळे." मी आत जाऊन पायसाच्या पातेल्याशी उगाचच खडखडाट केला. असा राग आला होता मला! तिचा नव्हे. त्या पानांचा, त्या टाकीचा, माझ्या सपाट गावाचा. भावाला फोन केला तर म्हणाला, "आमच्याकडे तर येऊन गेली हो फुलं. तुमच्याकडे येतील की." नुसतंच येतील की!

नववा लागला आणि आडी महिना उजाडला. आडी म्हणजे आमच्याकडचा वाऱ्याचा महिना, आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपास येतो. दोरीवरचे कपडे, पत्रे, उडण्यासारखं जे असेल ते उडतं. आणि ह्याच महिन्यात कावेरीला नवं पाणी येतं. त्याचा सण असतो, तेव्हा गावातल्या बायका नदीवर जातात, पूजा करतात, गळ्यात पिवळा दोरा बांधतात, आणि घरोघर चार-पाच तऱ्हेचे भात होतात. चिंचेचा, लिंबाचा, नारळाचा, दह्याचा.

त्या सणाच्या दिवशी सकाळी माझा चिंचेचा भात कालवून झाला होता, लिंबाचा व्हायचा होता, तेवढ्यात सून दारात आली. चौकट धरून म्हणाली, "आई, मला वाटतं सुरू झालं."

मुलगा ऑटो आणायला पळाला. मी तिला खुर्चीत बसवलं, पिशवी तयार होतीच, ती दाराशी ठेवली. कळा अजून लांब लांब होत्या. घाबरायचं काही नव्हतं. आणि तेवढ्यात गच्चीवर धाडकन आवाज झाला.

मला न बघता कळलं. आडीतला वारा आणि टाकीवरची कुंडी, दुसरं काय होणार? मी जिना चढले, ह्या गुडघ्यांनी, आणि प्रत्येक पायरीला ह्यांच्या नावाने शंख केला. "उंच पाहिजे म्हणे! दोन हात म्हणे!" गच्चीवर पोहोचले तर कुंडीच्या ठिकऱ्या, आणि मधे मातीचा गड्डा पडलेला. चिकण मातीच ती, आडीच्या वाऱ्याने वीट झालेली, म्हणून तसाच्या तसा, कुंडीच्या आकाराचा. पानं एका बाजूला वाकली होती.

मला रडू फुटलं. खरंच सांगते, मोठ्याने. आज पोरीला बाळ होणार आणि तिचं एवढंसं मागणं राहिलं ते राहिलंच. कुणाच्या पायात ठिकरी जायला नको म्हणून मी गुडघे धरत धरत खाली बसले, आणि वेचायला लागले.

आणि बसल्यावर मला ते दिसलं.

पानांच्या बुडाशी, अगदी मातीला टेकून. सहा पाकळ्या, पिवळ्याधमक. एक उमललेलं. त्याच्या बाजूला एक मिटलेलं, आणि आणखी दोन-तीन वाळून चिपाड झालेली. म्हणजे ही बया कधीपासून फुलत होती! रोज सकाळी आमच्या डोक्यावर फुलत होती, आणि आम्ही दोघं खालून माना वर करून दांड्याची वाट बघत होतो.

"खाली बस," तिची आई म्हणायची. मला सुनेने सांगितलं होतं की ते! पण आम्ही पडलो देवळांच्या गावातली माणसं. आमच्याकडे कुणी कशापुढे बसलं की ते दर्शनच. मी धरून चालले की त्या मायलेकी फुलाला नमस्कार करायला बसतात. आणि ते बसायचं एवढ्याचसाठी, की उभ्याने ते फूल दिसतच नाही!

मी रडता रडता हसायला लागले. हे धावत वर आले, बघतात तो बायको ठिकऱ्यांमध्ये बसून हसतेय. बिचारे घाबरून म्हणाले, "अगे, लागलें कां?"

"फूल लागलें!" मी ओरडले. "सूप आणा! आधी सूप आणा!"

ह्यांनी सूप आणलं. आम्ही दोघांनी तो गड्डा त्यात उचलून ठेवला, बाळाला उचलावं तसा. खाली आलो तर ऑटो दारात, सून ऑटोत, मुलगा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी कसाबसा बसलेला. मी मातीचं सूप घेऊन तिच्या बाजूला चढले. ऑटोवाल्याने मान वळवून तमिळमध्ये विचारलं, "काय अम्मा, दवाखान्यात माती?" मी म्हटलं, "तू गाडी चालव."

सुनेने अजून बघितलं नव्हतं. ती डोळे मिटून समोरची दांडी धरून बसली होती. ऑटो वळली आणि नदीकडच्या रस्त्याला अडकली. सगळं गाव तिकडेच निघालेलं, बायकांच्या हातात ताटं, गळ्यात पिवळे दोरे, मुलं, सायकली. ऑटो मुंगीच्या पावलांनी चालली. कळ येऊन गेली, तिने डोळे उघडले, आणि तिला माझ्या मांडीवर गवतासारखं काहीतरी दिसलं.

"आई, हे काय?"

मी एका हाताने पानं बाजूला केली आणि सूप उचलून तिच्या तोंडासमोर धरलं. तिला खाली वाकता येत नव्हतं, म्हणून फूल वर यायला हवं होतं.

तिने बघितलं. मी आयुष्यात खूप मुलींचे चेहरे बघितले आहेत, परीक्षेचे निकाल लागताना, बक्षिसं घेताना, लग्नात. असा चेहरा नाही बघितला. तिने बोट पुढे केलं, पण फुलाला लावलं नाही, खालच्या मातीला लावलं. मग माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी राहिलं होतं. ती वाट बघत होती, आणि मला कळलं कशाची. ते तिने म्हणायचं नव्हतं. ते नेहमी आई म्हणायची.

बाहेर हॉर्न वाजत होते, पुढे मुलगा ऑटोवाल्याला दुसरा रस्ता सांगत होता. मी सूप जरा खाली घेतलं, त्या फुलाकडे तोंड केलं, आणि माझ्या त्या कीर्तनातल्या मराठीत विचारलं, "आलीस कां गे?"

सून आधी हुंदका देऊन रडली आणि लगेच हसली. माझा दंड घट्ट धरला, इतका घट्ट की पुढे आठवडाभर तिथे निळं होतं. "आली, आई," ती म्हणाली. "आली." आणि मग पुढची कळ आली, आणि तिने माझ्या दंडाचं जे काय केलं ते विचारू नका.

दवाखान्यात नर्सने सूप बघून कपाळाला हात लावला. माती आत नेता येणार नाही म्हणाली, आणि तिचंही खरंच होतं. आमचे हे मागून दुसऱ्या ऑटोने आले होते, चिंचेच्या भाताचा डबा घेऊन. सूप त्यांच्या मांडीवर दिलं. ते बाहेरच्या बाकावर ते घेऊन बसले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला, वॉचमनला, पेशंटच्या नातेवाइकांना, सगळ्यांना पानं बाजूला करून दाखवत होते. "उभं राहून नाही दिसणार," असं सांगायचे, तमिळमध्ये. "बसा, बसा इथे." लोक बसत होते! दुपारी फूल मिटलं तेव्हा हे मला विचारायला आत आले की आता काय करायचं. मी म्हटलं, अहो, काही करायचं नाही, गप बसा.

चार वाजून गेल्यावर बाळ झालं. मुलगी. मला आत बोलावलं तेव्हा सून उशीला टेकून बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांखाली काळं, आणि हातात ते गुंडाळलेलं गाठोडं. कान मी आधी बघितले, दोन्ही. छान होते.

सुनेने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता मला म्हणायला सांगते की काय. पण तिने मला नाही सांगितलं. तिने मान खाली केली, दुपट्याची कड बाजूला सारली, मी पानं बाजूला केली होती तशीच, आणि आत झोपलेल्या तिला हळूच विचारलं, "आलीस?"

खाट बुटकी होती. बाळाचं तोंड मला उभ्याने नीट दिसेना. मी गुडघे धरले आणि तिथेच फरशीवर खाली बसले.